रखमा सिस्टरच्या उशाचा तांब्या

तांब्या माझ्या हातात हुता. भरल्याला. पानी काठावरनं सांडून माझ्याच पायावर पडत हुतं, आन् रखमा सिस्टर कॉटवरनं माझ्याकडं बघून म्हनत हुत्या, "पानी... शालन, पानी दे गं." दुपारची येळ. खिडकीला वलं गोनपाट लावल्यालं तरी झळ आत येत हुती. वार्डातली जेवनं झाल्याली, मानसं पेंगाय लागल्याली, वरचा पंखा नुस्ताच करकरत फिरत हुता. मी दारापातूर पळत गेली, नर्स बघाय, डाक्टर बघाय, कुनीबी बघाय. व्हरांड्यात चिटपाखरू न्हाई. तशीच पळत कॉटपाशी माघारी आली. तर त्यांचा हात चादरीच्या भाईर आलेला, माझ्याकडं लांब केल्याला... मला वाटलं तांब्या मागत्यात. तर तांब्या न्हाई. त्यांनी माझा कान धरला. दोन बोटात पाळी धरली, हळूच, जशा त्या सगळ्यांची धरायच्या. आन् मग परत म्हनल्या, "पानी."

डाक्टरनी पानी द्याय मना केल्यालं. आन् त्याच्या आदी सिस्टरनी स्वताच मला सांगून ठेवल्यालं, की मी मागीन, पन देऊ नकोस.

सिस्टरना जाऊन आता महिना उलटून गेला. मोठी मानसं गेली की पेपरात त्यांच्यावर लिवून येतं, फोटू येतो. रखमा सिस्टरवर कोन लिवनार? त्यांना ना मूल ना बाळ, फोटू बी कुटं हाय का ठावं न्हाई. म्हनून मीच बसली लिवाय. मी शालन, आष्ट्याजवळच्या एका मळ्यात दिल्याली. पाचवीपातूर शाळा झाली, मग लगीन. आमचे हे मिलिट्रीत, वरसातनं एकदा सुट्टीला येत्यात. चुकलं माकलं तर पेपराच्या पुरवणीवाल्यांनी नीट करून घ्यावं, पन जे झालं ते बदलू नये... तेवढंच माझं म्हननं.

सिस्टरची आन् माझी गाठ पडली ती माझ्या इलासमुळं. तवा त्यो धा म्हयन्याचा बी न्हवता. उसाला पानी पाजायची पाळी आमची आल्याली, घरातली समदी रानात, आन् पोरगं एकदम पाय पोटाशी घिऊन किंचाळाय लागलं. मधीच गप व्हायचं, मधीच किंचाळायचं. वकाय लागलं. मग लंगोटात रगत बघितलं आन् मी रानाकडं हाका मारत सुटली. आत्याबाई म्हंजे माझी सासू, त्यांनी पोराला उचललं, मला हाताला धरलं, आन् तशाच अनवानी आमी दोघी यष्टीनं सांगलीला. दवाखान्यात डाक्टर म्हनले, आतड्यात आतडं शिरलंय, आत्ताच कापायला पाहिजे. मला काय बी कळंना. मी नुस्ती म्हनत हुती, आवं त्यो लय बारका हाय, आवं त्यो लय बारका हाय...

आप्रेशन झालं आन् पोराला वार्डात आनलं. पोटाला पट्टी, पायाला सलायन, वठ पांढरं पडल्यालं. तवा एक बाई आली. उंच, काळीसावळी, हाडकुळी, डोईवर ती पांढरी टोपी, आन् चाल अशी लांब लांब टांगा टाकत, रानातनं चालल्यागत. तिच्या खिशात ताप बघायची काचंची नळी हुती, पन तिनं ती काडली न्हाई. आदी इलासचा कान धरला. दोन बोटात. थोडा येळ तशीच हुबी ऱ्हायली. मग शेजारच्या कॉटवरच्या पोरीचा धरला. मग त्याच्या पलीकडच्या. सगळा वार्ड असा कान धरत गेली आन् मग माघारी येऊन नळी लावली. आत्याबाई माझ्या कानात म्हनल्या, "ही बाई मंत्र घालती का काय गं?"

"मंत्र न्हाई म्हातारे," तिकडनंच उत्तर आलं. कानबी तिखट! "आदी त्याला कळू दे की कुनीतरी आलंय. ताप काय, पळून जात न्हाई."

ह्या रखमा सिस्टर. मला पहिल्या दिवशी त्यांचं लय भ्या वाटलं. हसत न्हवत्या, गोड बोलत न्हवत्या. कॉटवर बसलं की उठवायच्या, भाकरी सोडली की वराडायच्या. आन् सगळ्यात वाईट म्हंजे पान्याचं. "पोराला पानी न्हाई, दूध न्हाई, तुझं अंगावरचं बी न्हाई. त्याची शी झाली की मग. त्याच्या आदी एक थेंब गेला तर पोटातला टाका सुटंल." एवढं बोलून लांब लांब टांगा टाकत गेल्या. आता तुमीच बघा, पोरगं जागं झालं की वठ चाटतंय, माझ्याकडं हात करतंय, आन् माझं अंग भरून आल्यालं, चोळी भिजून चिंब.

आत्याबाईंच्या पदराला म्हसवडच्या सिद्धनाथाचा अंगारा बांधल्याला हुता. त्यांनी कुनाचं लक्ष न्हाई बघून वाटीत पानी घेतलं, अंगारा कालवला आन् त्यात बोट बुडवून पोराच्या तोंडाशी न्यायला लागल्या. वरनं हात आला आन् मनगट धरलं.

"काय पाजताय?"

"पानी न्हवं बाई. अंगारा हाय. म्हसवडच्या नाथाचा."

"अंगारा कपाळाला. पोटात न्हाई."

"देवाचं हाय ते! देवाला आडवताय व्हय?"

"नाथ माझ्याबी घरचा हाय, म्हातारे. मी म्हसवडच्या बाजूचीच हाय. मी सांगती त्याला, पोराचं आप्रेशन झालंय, दोन दिस थांब बाबा म्हनून. ऐकंल त्यो माझं. लय वरसं मेंढरं राखल्याती आमी त्याची." असं म्हनून त्यांनी स्वता वाटीतला ओला अंगारा बोटानं घेतला, इलासच्या कपाळाला लावला, मग आत्याबाईच्या लावला, आन् वाटी मोरीत ओतली. आत्याबाई पुढं गावात सांगाय लागल्या की ती सिस्टर आपल्या देवाची हाय, तिला काय बोलायचं न्हाई.

पन मी? मी काय दगडाची हुती? पोरगं रडून रडून आवाज बसल्यालं. मी भिंतीकडं तोंड केलं, पदर घेतला वरनं, आन् त्याला जवळ घेतलं. चोळीची गाठ सोडली. तवा माझ्या कानाला हात लागला. मी दचकून बघितलं. वाटलं आता थोबाडीत बसती. तर त्या वराडल्या न्हाईत. नुस्त्या म्हनल्या, "शालन." पहिल्यांदा नावानं. "दे हिकडं त्याला."

मी न्हाई म्हनलं. पोराला आवळून धरलं.

"तुला वाटतंय मला माया न्हाई," त्या म्हनल्या. "नसू दे. पन तुझ्या अंगाचा वास आला की त्यो मागनारच, आन् त्यानं मागितलं की तू देनारच. ह्यात तुझी बी चूक न्हाई, त्याची बी न्हाई. म्हनून म्हनती, दे हिकडं आन् भाईर लिंबाखाली जाऊन बस."

मी दिलं. कसं दिलं ते मला ठावं न्हाई. लिंबाखाली बसली. खिडकीतनं त्याचं रडनं ऐकू येतंय आन् प्रत्येक रडन्याला माझ्या छातीतनं कळ येती. ह्या बाईला राक्षसीन म्हनून शिव्या घातल्या मनात. थोड्या येळानं चंद्रामावशी, वार्डातल्या आयाबाई, गरम पान्याचं फडकं घिऊन आल्या. म्हनल्या सिस्टरनी धाडलंय, शेकून पिळून टाक, न्हाईतर गाठी हुत्याल आन् मग पोराला कवा द्यायचं म्हनलं तरी दूध येनार न्हाई. मी रडत रडत पिळलं. मातीत जात हुतं दूध... आन् तवाच आतलं रडनं थांबलं. एकदम.

मी पळत सुटली. मला वाटलं, गेलं माझं पोरगं. आत जाऊन बघती तर सिस्टरनी त्याला पट्टी सांभाळून आडवा हातावर घेतल्याला, आन् जिभेनं टॉक् टॉक् असा आवाज काडत हुत्या, मेंढक्या कळपाला बलावतो तसा. शेजारच्या कॉटवरची पोरगी खुदुखुदु हसत हुती. इलास टकाटका त्यांच्या तोंडाकडं बघत हुता. दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. वाटीतल्या पान्यात बुडवायचा, पिळायचा, परत पिळायचा, आन् पिळून पिळून जो ओलावा ऱ्हातो तेवढाच वठाला लावायचा. वठ भिजत हुते, घोट जात न्हवता. "बघितलंस?" त्या म्हनल्या. "आता तू कर. मला सगळा वार्ड हाय."

मग मी केलं. दिवसभर केलं, दुसऱ्या दिवशी केलं. त्यो बोळा चोखायचा, आन् माझ्याकडं असा बघायचा की ही आई असून अशी का वागती... मी देत न्हवती. वाटी शेजारी, पानी शेजारी, मी देत न्हवती. सिस्टर येता जाता नुस्त्या एकदा बघायच्या. मग एकदा सकाळच्या पारी इलासनं लंगोट भरलं आन् चंद्रामावशी असं वराडल्या की जनू पोराचं लगीन ठरलं. सगळा वार्ड हसाय लागला. सिस्टर आल्या, चोचीच्या भांड्यातनं एक चमचाभर पानी त्याला स्वता पाजलं, मग माझा कान धरून म्हनल्या, "आता दे गं त्याला. पोटभर न्हाई. हळूहळू दे."

त्याच्यावर आमचं जानं येनं सुरू झालं. इलासला दाखवाय म्हनून जायची, मग नुस्तं सांगलीच्या बाजाराचं निमित्त काढून जायची. कवा काकवीची बाटली, कवा ओल्या शेंगा. दवाखान्याच्या मागं त्यांची एक खोली हुती. आत एक खाट, त्यावर काळं घोंगडं, कोपऱ्यात स्टो, आन् उशाला पितळंचा तांब्या, फुलपात्र पालथं घातल्याला. त्यो तांब्या कायम भरल्याला. मी एकदा तहान लागली म्हनून हात लावाय गेली, तर म्हनल्या, "त्यो न्हाई. माठातलं घे."

"का ओ? देवाचा हाय का?"

"न्हाई. माझा हाय. उशाशी भरल्यालं असलं की मला तहान लागत न्हाई. रिकामं असलं की झोप न्हाई. सकाळी लिंबाला वतती आन् परत भरती." आन् मग, कशा कुनास ठावं, त्या दिवशी बोलाय लागल्या. मान तालुक्यातला मुलूख, तिकडं पानी म्हंजे काय हे आमच्या कालव्याकाठच्या मानसांना कळायचं न्हाई म्हनल्या. बाप मेंढरं घिऊन लांब लांब जायचा, ही पोर मागनं. कुटं पानी लागलं की मेंढरं उधळायची. तानल्यालं मेंढरू एकदम पानी प्यालं की फुगून तितंच पाय झाडतं. म्हनून बाप काठी आडवी धरून हुबा ऱ्हायचा, आन् ही पोर ओलं फडकं घिऊन एकेकाच्या तोंडाला लावत फिरायची. मेंढरं वराडायची, अंगावर यायची, बारकी कोकरं तर हिच्या झग्याची टोकं चोखायची. "दया आली की मेंढरू मेलं," त्या म्हनल्या. "बाप म्हनायचा, कान बघ. कान गार झाला का बघ, मग सोड. कान धरायची सवय तिकडची. सोडता सुटंना."

मला वाटायचं ह्यांचं कुनीतरी मेलं असंल, लहान भाऊ बिऊ, त्याच्यामुळं ह्या नर्स झाल्या. मी तसं इचारलं बी. तर पोट धरून हसल्या. लय कमी हसायच्या, म्हनून ध्यानात हाय.

"रडगानं पायजे व्हय तुला? काय न्हाई गं. नवऱ्यानं टाकली, बाप म्हातारा झाला, मेंढरं इकली. साताऱ्याला नर्सांच्या शिक्षनाला घेतात, ऱ्हायला जागा, दोन येळ जेवान मिळतं असं कुनीतरी सांगितलं. गेली. पोटासाठी गेली. पहिल्या वरसाला मला मानसांची किळस यायची. गू मूत काडताना वकायची मी. थितल्या मेट्रनबाई लय कडक. म्हनायच्या, माया येईल तेव्हा येईल, आधी हात धू आणि चादर नीट घाल." त्यांनी मेट्रनबाईंचा आवाज असा काडला की मलाबी हसू आलं. "मग चादरी घातल्या. रोज घातल्या. रोज कान धरले. आन् एक दिवस एक म्हातारा कॉटवर दिसंना तर माझा जीव खालवर झाला. त्यो सुट्टी घिऊन घरी गेल्याला हुता बरा हुऊन, पन मी मोरीत जाऊन रडली. तवा मला कळलं, आली वाटतं ती. मेंढराचं बी तसंच असतंय. कुनाला जल्मताच मेंढराची माया असती व्हय?"

मी घरी येताना यष्टीत हेच घोळत बसली. मला कायम वाटायचं की मी आई हाय म्हनून मला माया हाय. मग घरात एवढी मानसं, दीर, जावा, सासू सासरे, आन् तरी संध्याकाळी मी एकटी का बसती गोठ्यापाशी? आमच्या ह्यांचं पत्र आलं की त्यात गुरांची खुशाली, पान्याच्या पाळीची चौकशी, आन् शेवटी सगळ्यांना नमस्कार. मी त्या सगळ्यात आली. सिस्टरकडं गेलं की कुनीतरी कान धरायचं. बास. येवढ्यासाठी मी सांगलीला जायची, आन् घरात सांगायची इलासला दाखवायचा हाय म्हनून. त्यांना बी कुनी न्हवतं. आमी दोघी स्टोवर चहा ठेवून बसायचो, शेवटच्या यष्टीची येळ हुईपातूर बसायचो.

मग चंद्रामावशी आल्या. आमच्या अंगनात, यष्टीनं, तापत्या उन्हात. मी शेन थापत हुती. त्यांनी पानी बी घेतलं न्हाई. म्हनल्या, "सिस्टरच्या पोटात पू झालाय. किती दिस दुखत हुतं कुनाला बोलली न्हाई ती. उद्या कापनार हायत. कोन बसनार म्हनून डाक्टरनी इचारलं तर तुझं नाव सांगितलंय."

रानात भांगलन चाललेली, तन काडाय बायका कमी. मला वाटलं आत्याबाई नको म्हनत्याल. त्यांनी तसंच सुरू केलं, "तिचं कोन न्हाई व्हय? आपल्याच घराला..." आन् मधीच थांबल्या. इलास त्यांच्या पायाशी मातीत खेळत हुता. त्याच्याकडं बघितलं. पदराची गाठ सोडली, अंगाऱ्याची पुडी माझ्या हातात दिली. "जा. कपाळाला लाव. पोटात देऊ नकोस म्हनावं, म्हातारीला आठवतंय सगळं."

सिस्टर आप्रेशनच्या आदी खाटंवर बसल्याल्या, पायजमा झगा घातल्याला, टोपी न्हाई. टोपीबिगर लय बारक्या दिसत हुत्या. मी म्हनलं, "आवं सिस्टर, मलाच का? हितं एवढ्या नर्सा हायत, शिकल्यासवरल्याल्या. मी तर नुस्ती भितीया."

"म्हनूनच," त्या म्हनल्या. "ह्या पोरी माझ्या हाताखालच्या. मी डोळं वटारलं की पानी घिऊन पळत येत्याल. आन् चंद्रा तर रडायलाच बसल्याली असती. तू भित्री हायस, पन तवा भिऊन बी तू त्याला दिलं न्हाईस. मी बघितलंय." मग माझ्याकडं नीट बघून म्हनल्या, "मी मागीन शालन. सगळी मागत्यात, मी बी मागीन. हातापाया पडीन, शिव्या देईन. देऊ नकोस."

"मग कवा देऊ?"

"मी सांगीन."

असं म्हनल्या. मी सांगीन. उशाचा तांब्या त्यांनी माझ्याकडनं घासून घेतला, भरून वार्डात कॉटच्या बाजूला ठेवायला लावला. तहान लागू नये म्हनून.

आप्रेशन झालं. पहिल्या दिवशी त्या गुंगीतच हुत्या. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या आन् मागितलं, लय मागितलं. मला शिव्या दिल्या. अशा शिव्या की शेजारच्या कॉटवरची बाई पदर तोंडाला लावून बसली. मी बोळा बुडवला, पिळला, परत पिळला, वठाला लावला. मी ढसाढसा रडत हुती आन् पिळत हुती. मग ताप चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी डाक्टर आले, पोट दाबून बघितलं. डूटीवरच्या तरण्या नर्सला भाईर बोलावून घेतलं. ती आत आली तर डोळं लाल. मी इचारलं, "पानी?" तिनं माझ्याकडं न बघताच सांगितलं, "संध्याकाळी बघू ताई."

संध्याकाळी बघू. मला वाटलं, म्हंजे चांगलंच हाय. संध्याकाळी देनार. तवर सांभाळायचं. इलासच्या येळंला बी असंच झाल्यालं, सांभाळलं, आन् मग लंगोट भरलं, समदा वार्ड हसला... मी मनात म्हनत हुती, संध्याकाळपातूर, शालन, संध्याकाळपातूर.

आन् दुपारी त्यांनी डोळं उघडलं. शिव्या न्हाईत, वराडनं न्हाई. निवांत आवाज. हात भाईर काडला, माझा कान धरला. पानी दे गं म्हनल्या.

मी तुमाला पहिल्यांदाच सांगितलं की तांब्या माझ्या हातात हुता. त्यो मी कवा उचलला मला ठावं न्हाई. मी इतकं जवळ गेली की तांब्याचा काठ त्यांच्या हनवटीला टेकला. त्या कानाची पाळी सोडत न्हवत्या. त्यांनी कान धरला म्हंजे त्या शुद्धीत हुत्या, मला वळखत हुत्या, आन् ह्ये मागनं न्हवतं, ह्ये सांगनं हुतं... "मी सांगीन" म्हनल्या हुत्या, ते हेच? का त्यांचं डोकं तापात त्या माळावर गेल्यालं, आन् मी त्यांना कोकरू वाटत हुती, कान गार हाय का बघायचं आन् मग सोडायचं? का त्या दुसऱ्या दिवसासारखंच नुस्तं मागत हुत्या, सगळी मागत्यात तसं? मी म्हनलं, "सिस्टर, सांगताय का मागताय? एवढं बोला, मी लगीच देती." त्यांचे वठ हलत हुते नुस्ते.

मी तांब्या खाली ठेवला. बोळा बुडवला. पिळला. परत पिळला. वठाला लावला. त्यांनी बोळा चोखला, दातात धरला, सोडंनात. माझ्याकडं बघत हुत्या. त्या डोळ्यात राग हुता का शाबासकी, मला वळखाय आलं न्हाई... मला अजून बी वळखाय येत न्हाई. मग कानावरचा हात ढिला पडला. मी वराडली तवा मानसं जागी झाली.

चंद्रामावशीनी सगळं झाल्यावर सांगितलं. सकाळीच डाक्टर म्हनले हुते, काय राहिलं न्हाई, आता काय मागतील ते द्या. "मग मला का सांगितलं न्हाई?" मी त्यांच्या अंगावर गेली. तर ती तरनी नर्स पुढं झाली, पोरगीच ती, हुंदके देत म्हनली, "ताई, तुम्ही आधीच किती घाबरलेल्या होता... मला वाटलं कळलं तर तुम्ही कोसळाल. म्हणून नाही सांगितलं." ती बी मायाच की.

म्हसवडकडनं एक पुतन्या आला, त्यानं नेलं त्यांना. घोंगडं त्यानं घेतलं. तांब्या ऱ्हायला. चंद्रामावशीनी आनून दिला, म्हनल्या तूच घिऊन जा.

आत्याबाई म्हनत्यात, तानल्यालं मानूस गेलं की त्याचा जीव पान्याभवती फिरतो. बोलून झाल्यावर माझं तोंड बघत्यात. एकदा म्हनल्या, मी असती तर दिलं असतं. थोड्या येळानं म्हनल्या, न्हाई, मी तवा बी दिलं असतं, आन् मग आपला इलास ऱ्हायला नसता. आन् चुलीपाशी उठून गेल्या.

तांब्या आता माझ्या उशाला असतो, फुलपात्र पालथं घालून. आमचे हे हजार मैलांवर, घर भरल्यालं, आन् सांगलीला जायला आता काय निमित्त न्हाई. मी रोज भरती, पीत न्हाई. सकाळी उठून परड्यातल्या लिंबाला वतती. परवा इलास त्यो तांब्या धरून वडाय लागला. मला वाटलं तहान लागली. पन त्यानं फुलपात्र काडलं, दोन बोटं पान्यात बुडवली, आन् ती वली बोटं घिऊन माझ्या कानाला लावली. त्याला कुनी शिकवलं न्हाई हे. न्हाईतर शिकवलं असंल त्या बाईनं, त्यो धा म्हयन्याचा बी नसताना, हातावर घिऊन.

तुमी शिकल्याली मानसं हायसा, पेपर वाचता. माझ्या जागी या. दुपार हाय, वार्डात इचाराय कोन न्हाई. तांब्या भरल्याला हाय, हातात हाय. देऊ नकोस म्हननारी बी तीच, आन् तुमचा कान धरून पानी दे म्हननारी बी तीच. तुमी काय केलं असतं?